पानाचे रूप आणि पानाचा शोध

ग्रंथाचे वाचन आणि ग्रंथाचा शोध ह्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. ज्याच्या हाती ग्रंथ आला आहे त्याला सुबक टाइप, मोकळा समास आणि रेखीव मुखपृष्ठ ह्यांचे महत्त्व वाटते. ज्याच्या हाती तो अद्याप आलेला नाही, त्याला ह्यांपैकी कशाचाही उपयोग नसतो. त्याला हवे असते सूचिपत्रातील एक साधे कार्ड. त्यावर ग्रंथाचे नाव, ग्रंथकर्त्याचे नाव आणि विषय एवढे स्वच्छ लिहिलेले असले म्हणजे त्याचे काम होते. छापील ग्रंथाच्या युगात ही दोन कामे दोघांनी वाटून घेतली होती. रूप मुद्रकाने सांभाळावे आणि शोध ग्रंथपालाने सांभाळावा, अशी ती वाटणी होती. संगणकाच्या महाजालावर जे पान प्रसिद्ध होते त्याच्या बाबतीत मात्र ही वाटणी टिकली नाही. तेथे पानाला स्वतःच आपले सूचिपत्रही व्हावे लागते. वाचकाच्या डोळ्यांना जे सुखवील तेच पान शोधयंत्रालाही कळावे लागते, आणि ते त्याला कळले नाही तर वाचकाचे डोळे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

ह्या दुहेरी गरजेतून दोन व्यवसाय उभे राहिले. पानाचे रूप घडविणाऱ्यांचा एक, ज्याला आपण वेब डिझाइन म्हणतो. आणि पान शोधात वर यावे म्हणून खटपट करणाऱ्यांचा दुसरा, ज्याला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा संक्षेपाने एसईओ असे नाव पडले आहे. ह्या दोन व्यवसायांत पुष्कळ काळ वितुष्ट राहिले. ते कसे उत्पन्न झाले, कोणकोणत्या वळणांनी गेले आणि त्यात आपल्या मराठीचे काय झाले, ह्याचा थोडक्यात आढावा घेणे हा आजच्या ह्या भाषणाचा विषय आहे.

महाजालाचा आरंभ पाहिला तर तेथे हे वितुष्ट मुळीच दिसत नाही. जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८९ साली आपली योजना मांडली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ती जगासमोर ठेवली. पानाच्या मजकुरात खुणा घालण्याची जी पद्धत त्याने आखली, ती एचटीएमएल ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ह्या खुणा मुख्यत्वे मजकुराचा अर्थ सांगत. हे मुख्य शीर्षक, हे उपशीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, एवढेच त्यांचे सांगणे असे. शीर्षक किती मोठे दिसावे, कोणत्या वळणाच्या अक्षरात दिसावे, हे वाचणाऱ्याच्या यंत्रावर सोपविलेले असे. शोधाचा प्रश्नही त्या काळी लहान होता. जगातील सर्व सर्व्हरांची यादी बर्नर्स-ली हाताने ठेवू शकत असे.

ही स्थिती दोन-तीन वर्षांतच पालटली. १९९३ साली अमेरिकेत मोझॅक नावाचा ब्राउझर आला आणि मजकुराच्या ओळींमध्येच चित्रे दिसू लागली. पाने झपाट्याने वाढली. हाताने ठेवलेली यादी पुरेना. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फायलो ह्या दोन विद्यार्थ्यांनी आवडत्या पानांची विषयवार वर्गवारी सुरू केली. तिचेच पुढे याहू झाले. त्याच वर्षी वेबक्रॉलर ह्या यंत्राने पानाच्या केवळ नावावर न थांबता आतील सगळा मजकूर नोंदण्यास प्रारंभ केला. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा आले, आणि कोट्यवधी पानांतून एखादा शब्द क्षणात हुडकून काढता येतो, हे सामान्य माणसाने प्रथमच अनुभवले.

येथे ह्या यंत्राची रीत ध्यानात घेतली पाहिजे. शोधयंत्राचा एक फिरता वाचक असतो. तो एका पानावरून दुव्याच्या वाटेने दुसऱ्या पानावर जातो, तेथला मजकूर उचलतो आणि आपल्या अवाढव्य सूचीत कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ह्याची नोंद करतो. आपण शब्द टाकून विचारणा केली म्हणजे ती सूची चाळली जाते आणि सापडलेल्या पानांचा क्रम लावला जातो. ह्या फिरत्या वाचकाला रंग दिसत नव्हते, चित्रातील अक्षरे वाचता येत नव्हती आणि एखादे पान सुंदर आहे की कुरूप, ह्याची त्याला दादही नव्हती. त्याला कळत होते फक्त अक्षरांचे संकेत आणि त्यांच्याभोवतीच्या खुणा.

आता दुसऱ्या बाजूला पानाचे रूप घडविणारे कलावंत होते. मासिकांच्या आणि जाहिरातींच्या जगातून आलेल्या ह्या मंडळींना एचटीएमएलची गरिबी असह्य होणे स्वाभाविक होते. हाताशी मोजक्या वळणांची अक्षरे, दोन स्तंभ शेजारी बसविण्याची सोय नाही, मोकळी जागा सोडण्याचे साधन नाही. मग त्यांनी युक्त्या शोधल्या. आकडे मांडण्यासाठी असलेले कोष्टक त्यांनी पानाची चौकट म्हणून वापरले. डोळ्यांना न दिसणारे इवलेसे पारदर्शक चित्र ताणून त्यांनी हवे तेवढे अंतर निर्माण केले. डेव्हिड सीगल ह्यांच्या १९९६ सालच्या पुस्तकाने ह्या युक्त्यांना मोठी मान्यता मिळवून दिली. शीर्षके चित्र म्हणून काढण्याची प्रथा पडली. त्याच वर्षी फ्लॅश हे हलत्या चित्रांचे तंत्र अवतरले आणि पुढील दहा वर्षे अनेक बड्या कंपन्यांची संपूर्ण संकेतस्थळे त्या एका पेटीत बंद होऊन राहिली. ती दिसण्यास देखणी होती, ह्यात संशय नाही. परंतु फिरता वाचक तेथे आला म्हणजे त्याला आत फारसे काही सापडत नसे. दुकानाची दर्शनी बाजू झगमगीत, पण दारावर नावाची पाटी नाही, असा तो प्रकार होता.

रूपाच्या बाजूने हा अतिरेक चालला असता शोधाच्या बाजूने त्याहूनही ओंगळ अतिरेक सुरू झाला होता. यंत्र शब्द मोजते, हे कळताच लोकांनी शब्दांची खैरात आरंभिली. पानाच्या शिरोभागी, वाचकाला न दिसणाऱ्या ठिकाणी, विषयदर्शक शब्द लिहून ठेवण्याची एक चांगल्या हेतूने केलेली सोय होती. तिच्यात विषयाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द कोंबले जाऊ लागले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत तोच तो शब्द शेकडो वेळा लिहिण्यात आला. वाचकाला कोरी जागा दिसे आणि यंत्राला मजकुराची रास दिसे. परिणाम असा झाला की त्या सोयीवरचा विश्वासच उडाला. ह्या शिरोभागीच्या शब्दांचा आपण क्रम लावताना विचार करीत नाही, असे गूगलने २००९ मध्ये उघडपणे सांगितले.

गूगलचा उदय ह्याच अव्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर झाला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्यांनी १९९८ मध्ये मांडलेली कल्पना विद्वानांच्या व्यवहारातून घेतलेली होती. ज्या निबंधाचा उल्लेख इतर निबंधकार करतात तो महत्त्वाचा मानावा. आणि उल्लेख करणारा स्वतः जितका मान्यवर, तितके त्याच्या उल्लेखाचे वजन अधिक धरावे. पानाकडे येणारे दुवे म्हणजे अशी साक्ष होय. पानाने स्वतःविषयी काय सांगितले ह्यापेक्षा इतर पाने त्याच्याविषयी काय सांगतात, ह्याला त्यामुळे किंमत आली. अर्थात साक्षीदारही विकत मिळू लागले, दुव्यांचे बाजार भरले, आणि यंत्र व लबाडी ह्यांची शर्यत पुढे चालूच राहिली.

ह्या दोन्ही अतिरेकांची सांगड कशी पडते, ह्याचे उत्तम उदाहरण २००६ सालच्या फेब्रुवारीत घडले. बीएमडब्ल्यू ह्या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ चित्रमय होते. यंत्राला वाचण्याजोगा मजकूर त्यात थोडा; म्हणून यंत्रासाठी स्वतंत्र पाने तयार करण्यात आली आणि त्यांत 'जुनी मोटार' ह्या अर्थाचा जर्मन शब्द पुनःपुन्हा पेरण्यात आला. माणूस त्या पानावर आला की त्याला तत्काळ दुसऱ्या देखण्या पानाकडे वळविले जाई. गूगलने हे संकेतस्थळ आपल्या सूचीतून काढून टाकले. ती पाने हटविल्यावर काही दिवसांनी ते परत घेण्यात आले. शिक्षा अल्पकाळची होती, पण धडा मोठा होता. माणसासाठी एक पान आणि यंत्रासाठी दुसरे, अशी फारकत करावी लागली ह्याचाच अर्थ असा की पहिल्या पानाची घडण मुळात सदोष होती.

आता आपल्या घरची गोष्ट. मराठीच्या वाट्याला हा प्रश्न इंग्रजीपेक्षा कितीतरी कठीण स्वरूपात आला. गेल्या शतकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे आणि नियतकालिके महाजालावर येऊ लागली, तेव्हा सामान्य संगणकाला देवनागरी येत नव्हती. ज्याने त्याने आपापला फाँट केला. ह्या फाँटांची किमया अशी की, ज्या संकेताचा अर्थ संगणकाच्या लेखी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे, त्याच संकेताला देवनागरी अक्षराचे चित्र चढविलेले असे. फाँट उतरवून घेतलेला असला म्हणजे वाचकाला शुद्ध मराठी दिसे. नसला तर रोमन चिन्हांची अगम्य गर्दी दिसे. शोधयंत्राच्या फिरत्या वाचकाला तर कायम ती गर्दीच दिसे. त्याच्या दृष्टीने ते पान मराठी नव्हतेच. किंबहुना ते कोणत्याच भाषेतले नव्हते.

एका लहानशा शब्दावरून ह्यातील मर्म कळेल. 'किती' हा शब्द घ्या. आपण बोलतो तेव्हा आधी 'क' आणि मग 'इ' उच्चारतो. पण कागदावर पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते. टंकलेखन यंत्रावर ज्यांनी मराठी लिहिले असेल त्यांना आधी वेलांटी आणि मग अक्षर उमटविण्याची सवय ठाऊक असेल. जुने फाँटही त्याच वाटेने गेले. त्यांनी दिसण्याचा क्रम जपला. युनिकोड ह्या सार्वत्रिक पद्धतीने मात्र उच्चाराचा क्रम जपला: आधी 'क', मग वेलांटी. डोळ्यांना दोहोंत काडीचाही फरक दिसत नाही. पण पहिल्या पद्धतीत एक चित्र साठविले जाते आणि दुसरीत एक शब्द साठविला जातो. शोध घेता येतो तो शब्दाचा.

वाईट वाटते ते अशासाठी की, ह्यावरचा उपाय अज्ञात नव्हता. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मानक म्हणून स्वीकारली होती. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फाँट येऊ लागेपर्यंत सामान्य वाचकाच्या संगणकात ती सोय पोहोचली नाही, आणि त्यानंतरही पुष्कळ संपादकांना आपला सवयीचा सुबक फाँट सोडवेना. मंगलची अक्षरे पाहून नाक मुरडणाऱ्यांचे सौंदर्यदृष्टीने फारसे चुकतही नव्हते. तथापि त्या सुबकपणासाठी आपण जी किंमत दिली ती मोठी होती. त्या वर्षांत परिश्रमपूर्वक चढविलेल्या बातम्या, लेख आणि कविता ज्या फाँटांत होत्या ते फाँट काळाआड गेले आणि त्यांबरोबर तो मजकूरही शोधाच्या कक्षेबाहेर राहिला. उलटपक्षी १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची पाने रूपाने अगदी साधी. पण ती खऱ्या अक्षरांत असल्यामुळे जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून सापडू शकतात.

मग रूप आणि शोध ह्यांचा समेट झाला कसा? त्याचे बीज फार लवकर पडलेले होते. सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन वियुम ली ह्या नॉर्वेच्या गृहस्थाने ऑक्टोबर १९९४ मध्ये अशी सूचना केली की, मजकूर आणि त्याच्या अर्थाच्या खुणा एकीकडे ठेवाव्या आणि रंग, आकार, अंतर ह्यांसंबंधीच्या सूचना दुसरीकडे, स्वतंत्र लिहाव्या. हीच सीएसएस. डिसेंबर १९९६ मध्ये तिला अधिकृत रूप मिळाले. पण निरनिराळे ब्राउझर ती निरनिराळ्या तऱ्हेने पाळत असल्यामुळे ती रुजण्यास विलंब लागला. १९९८ साली काही रचनाकारांनी संघटना स्थापून ब्राउझर बनविणाऱ्यांकडे एकसारखेपणाचा आग्रह धरला. आणि २००३ मध्ये डेव्ह शी ह्या कॅनडातील रचनाकाराने सीएसएस झेन गार्डन नावाचे संकेतस्थळ उघडून सर्व शंका फेडल्या. त्याने एकच पान दिले आणि जगभरच्या कलावंतांना आवाहन केले की, मजकुराला हात न लावता त्याचे रूप पालटून दाखवा. त्यातून इतकी निरनिराळी आणि इतकी देखणी रूपे निघाली की एकाच मजकुराची ही सारी अंगे आहेत हे खरे वाटू नये. फिरत्या वाचकाला मात्र प्रत्येक वेळी तोच स्वच्छ मजकूर दिसत होता.

ह्या समेटाला आणखी एक बळ मिळाले, आणि ते अंध वाचकांकडून. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या यंत्रावर जे अवलंबून असतात, त्यांनाही चित्रातले शीर्षक ऐकू येत नाही. म्हणून मे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुगम्यतेच्या नियमांत प्रत्येक चित्रासोबत त्याचे शब्दांत वर्णन द्यावे, शीर्षकांचा क्रम नीट लावावा, असे सांगितले गेले. जे अंध माणसाच्या सोयीचे, तेच बव्हंशी शोधयंत्राच्याही सोयीचे ठरले. एसईओ म्हणजे निव्वळ यंत्राची मनधरणी असे ज्यांना वाटते, त्यांनी ह्या योगायोगाचा अवश्य विचार करावा.

पुढचा काळ मोबाइलचा आहे. ईथन मार्कॉट ह्यांनी मे २०१० मध्ये एकच पान लहान-मोठ्या पडद्यांनुसार आपोआप जुळते करून घेण्याची रीत मांडली. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना तेथील शोधात गूगल झुकते माप देऊ लागले. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि तिच्या पेटीतील संकेतस्थळे तिच्याबरोबर मिटली. २०२१ च्या जूनपासून पान किती लवकर दिसते, बोट लावताच प्रतिसाद देते की नाही, वाचता वाचता मजकूर खालीवर सरकतो की काय, ह्या गोष्टीही क्रम ठरविताना पाहिल्या जाऊ लागल्या. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी त्यातील एक कसोटी आहे. एके काळी केवळ शब्द मोजणारे यंत्र आता वाचकाची गैरसोयही काही अंशी मोजू लागले आहे. रूप घडविणारा आणि शोध सांभाळणारा ह्या दोघांचे हित त्यामुळे पूर्वीपेक्षा पुष्कळच जवळ आले आहे.

तरीही वाद मिटला असे मात्र नाही. संपूर्ण पान जावास्क्रिप्टच्या साहाय्याने वाचकाच्याच यंत्रात घडविण्याची आजची रीत फ्लॅशच्या पेटीची आठवण करून देते. गूगलचा फिरता वाचक आता अशी पानेही उलगडू शकतो, पण सर्वच यंत्रांना ते साधत नाही. मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर शोधफळांच्या वरच देण्यास आरंभ केला आणि पाठोपाठ ती रीत इतर देशांतही आली. तेव्हा वाचक मूळ पानापर्यंत येईल की नाही, हा नवा प्रश्न उभा आहे. परंतु उत्तर रचणाऱ्या यंत्रालाही आधार हवा असतो तो वाचता येण्याजोग्या मजकुराचाच.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी समाजाला ह्या इतिहासाचे विशेष महत्त्व आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवा ह्या ठिकाणच्या ग्रंथालयांतून आणि मंडळांतून जुनी नियतकालिके, स्मरणिका, नाटकांची पत्रके, कुलवृत्तान्त जपलेले आहेत. ह्यांचे वाचक आता एका गावात राहिलेले नाहीत. ते देशोदेशी विखुरले आहेत, आणि त्यांना जोडणारा रस्ता शोधाच्या चौकटीतून जातो. संस्था हौसेने संकेतस्थळ काढते, मुखपृष्ठावर वास्तूचे छायाचित्र झळकते, पण स्मरणिकेची पाने नुसती छायाचित्रे म्हणून चढवली जातात आणि कार्यक्रमाची माहिती रंगीत पत्रिकेच्या चित्रात अडकून पडते. चित्रातील अक्षरे ओळखण्याची कला यंत्रांना आज काही प्रमाणात साधली आहे. पण जुन्या, फिकट छपाईवर तिच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. छायाचित्राशेजारी अंकाचे नाव, वर्ष, लेखकांची नावे आणि अनुक्रमणिका एवढे जरी युनिकोडमध्ये लिहिले, तरी ते पान मुके राहणार नाही.

शब्दांची निवड करतानाही वाचकाचा विचार हवा. बेळगावचे अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. कोणी बडोदे म्हणतो, कोणी बडोदा, कोणी वडोदरा. इंदूर आणि इंदोर ही दोन्ही रूपे चालतात. आजोबांचा लेख हुडकणारी नात ह्यांपैकी कोणते रूप लिहील, हे आपल्याला आधी कळणार नाही. म्हणून लेखाच्या ओघात सहजपणे दोन्ही रूपे आली तर त्यात गैर काही नाही. तीच रूपे वीस वेळा कोंबली तर मात्र तो पांढऱ्यावर पांढरे लिहिण्याचाच प्रकार होईल.

ह्या साऱ्या इतिहासात एक क्रम वारंवार सिद्ध झालेला दिसतो. आधी मजकूर खऱ्या अक्षरांत, नीट शीर्षके देऊन, वाचणाऱ्याच्या भाषेत लिहावा. मग त्याला हवा तेवढा साज चढवावा. ज्यांनी हा क्रम पाळला त्यांना रूपासाठी शोध किंवा शोधासाठी रूप गमवावे लागले नाही. ज्यांनी तो उलटा केला त्यांची पाने कितीही देखणी असली तरी ती साज जुना होताच त्याच्याबरोबर गेली. आपल्या पूर्वजांचे लेखन अजून कपाटांत शाबूत आहे. ते महाजालावर मांडण्याचे काम ठिकठिकाणी आता सुरू होत आहे. ते ज्यांच्या हाती आहे त्यांनी पहिले पान चढविण्यापूर्वीच हा क्रम ठरवून घ्यावा.